पोथी उघडली की पोरगा हाक मारतो

मूल झालं आणि देवाचं सगळं सुटलं, ही खंत नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कितीतरी आयांनी बोलून दाखवली आहे. प्रतापनगरच्या या ताईंची (ओळख बदलली आहे) मात्र स्वतःवरच चीड होती.

"गजानन महाराजांच्या प्रकटदिनासाठी सात दिवसांचं पारायण धरलं, मॅडम. रोज 3 अध्याय, 21 पूर्ण. तिसऱ्या दिवशी मी वाचून राहिली, अन् यानं पोथीवर दूध सांडवलं. दिला एक धपाटा. देवासमोर! कसलं आलं पुण्य?"

पोरगा साडेचार वर्षांचा.

"वाचताना मन भरकटत नाही?" मी विचारलं.

"भरकटते ना. गॅस बंद केला का, डबा राहिला..."

"मग?"

"ओळीवर बोट असते माझं. तिथूनच पुन्हा धरते."

"आणि धपाट्यानंतर पोराकडे परत कधी गेलात?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गेलीच नाही. झोपताना तोच आला." आणि त्यांना रडू फुटलं.

जपात मन सुटतंच. त्याला परत आणणं, यालाच मी साधना मानते. नात्याचंही तसंच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं. चांगल्या नात्यातही दोघांचा ताल सारखा चुकतो, पुन्हा जुळतो, आणि त्या जुळण्यातून बाळाचा भरवसा वाढतो, असं त्यांना दिसलं. ताईंना हे मला शिकवावं लागलं नाही, त्यांच्याच बोटाने ते दाखवलं. याचं मला फार समाधान आहे.

म्हणून सांगते. चिडलात, हात उचलला, तर त्याच दिवशी मुलाच्या उंचीला बसा. "मी मारलं, माझं चुकलं" एवढंच म्हणा, पुढे "पण तूही..." जोडू नका. रोजचं एकच काम निवडा, आंघोळ किंवा जेवण भरवणं, आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. नाम घ्यायचं तर तेव्हा जरूर घ्या, पण पोरगं बोलायला लागलं की थांबून त्याचं ऐका. झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवडे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते पारायणावर सोडू नका.

आणि "मुलं हीच तुझी पूजा" म्हणत सगळं बाईवर ढकलणं मला मुळीच मान्य नाही. या ताईंच्या नवऱ्यालाही मी बोलावून घेतलं. आता पोथीच्या वेळेला पोराची आंघोळ तो घालतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्यालाही दोनदा पोराची माफी मागावी लागली.