रात्री हलकीफुलकी पुस्तकं वाचणं आणि वही लिहिणं-सजवणं, याने खरंच बरं वाटतं का? बडोद्यात सुरुवात कशी करावी?

हो, वाटतं. मी दोन्ही करते. पण आधी पुस्तक, वही नंतर.

झोपण्यापूर्वी ललित लेख किंवा विनोदी कथा घ्या, एका बैठकीत संपणारी. रहस्यकथा नको, झोपेचं खोबरं होतं. विकत घ्यायची घाई करू नका. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी केली, ती आपल्यासारख्यांनी वापरावीत म्हणूनच. कपाटांच्या मजल्यांवरची काचेची जमीन एकदा तरी बघाच.

वहीसाठी जाड कागदाची, कोरी वही घ्या. पातळ कागदावर शाई मागे फुटते. "आज काय झालं" एवढंच लिहायला बसलात तर कंटाळा येईल. त्यापेक्षा दिवसातली एक वस्तू चिकटवा आणि तिच्याखाली चार ओळी लिहा. माझ्या वहीत लीलो चिवड्याच्या (बडोद्याचा ओलसर चिवडा) पुडीचा तुकडा आहे, खाली आईशी झालेलं बोलणं. पान उघडलं की तिचा आवाजच ऐकू येतो! कमाटीबागेत पडलेली पानंही छान दिसतात, फक्त आठवडाभर वर्तमानपत्रात दाबून पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते. डिंक अगदी थोडा, फक्त देठाला.

अक्षर, चित्रं कशी येतात याची काळजी नको. आणि फोटो काढून कुठे टाकू नका, निदान पहिली वही भरेपर्यंत तरी.