३.६ व्होल्टला अडलेलं सर्किट आणि शाखा बदलण्याचा विचार

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि त्याचा सिग्नल वाढवणारी एलएम३५८ आयसी घेऊन तापमान मोजणारं सर्किट ५ व्होल्टवर जोडलं. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा, १० ठेवला. खोलीत बरोबर चालतं, पण सेन्सरजवळ गरम पाण्याचा पेला आणला की आउटपुट ३.६ व्होल्टच्या वर सरकत नाही. तीन आयसी बदलल्या. पप्पा म्हणतात, हे तुला जमणारं नाही, डिग्रीला कॉम्प्युटर घे. काय करू?

उत्तर : तुझ्या तिन्ही आयसी चांगल्या आहेत, त्या फेकू नकोस. सर्किटही तू नीटच जोडलं आहेस.

एलएम३५८ची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघड. त्यात लिहिलेलं असतं : आउटपुट ० पासून सप्लायपेक्षा १.५ व्होल्ट कमी, इथपर्यंत. म्हणजे ५ व्होल्टवर साधारण साडेतीन. आता तुझा हिशेब कर. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, गेन १०, म्हणजे अंशाला १०० मिलिव्होल्ट. खोलीत ३० अंशाला ३ व्होल्ट आले, म्हणून सगळं बरोबर वाटलं. ३६ अंशाला आयसीची धाव संपली. चौथी आयसी लावलीस तरी तिथेच अडेल.

गेन ठरवणाऱ्या दोन रेझिस्टरपैकी फीडबॅकला (आउटपुटकडून परत इनपुटकडे) ९१ किलोओहम आणि ग्राउंडकडे १० किलोओहम असतील, तर ९१च्या जागी ३९ लाव. गेन पाचाच्या जवळ येईल आणि ७० अंशांपर्यंत निभावेल. आयसीला ९ व्होल्ट देऊनही काम होईल, पण पुढे मायक्रोकंट्रोलर असेल तर तसं करू नकोस. आउटपुट ५ व्होल्टच्या वर गेलं की त्याची पिन जाईल. आणि हो, या आयसीत दोन ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. दुसरा वापरत नसशील तर ५, ६, ७ या पिना मोकळ्या सोडू नकोस. ६ आणि ७ एकमेकींना जोड, ५ ग्राउंडला.

डेटाशीटच्या तक्त्यात इनपुट ऑफसेटही बघ, म्हणजे आयसीची इनपुटवरची स्वतःची चूक. टिपिकलच्या (सर्वसाधारण) रकान्यात २-३ मिलिव्होल्ट, कमालच्या रकान्यात ७. तुझ्या सेन्सरच्या भाषेत ७ मिलिव्होल्ट म्हणजे ०.७ अंशाची चूक. विद्यार्थी टिपिकलवर डिझाइन करतात आणि तिथेच फसतात. हार्डवेअर डिझाइन आणि टेस्टिंगच्या कामात दिवसाचा बराच वेळ असाच जातो : डेटाशीटमधला आकडा, मल्टिमीटरवरचा आकडा, आणि दोघांत फरक का पडला याचा शोध.

पप्पांची काळजी खोटी नाही. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेशरसाठी जागा जास्त असतात, हे त्यांना दिसतं. कॉम्प्युटरची खरी ओढ असेल तर खुशाल जा, डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेताना शाखा बदलता येते. पण अडलेल्या ३.६ व्होल्टमुळे जाऊ नकोस. बिघाड नेमका कोणत्या आकड्याला अडतो, हे तू टिपून ठेवलंस आणि मला कळवलंस. नुसतं 'चालत नाही' असं लिहिणारी मुलं मला रोज भेटतात, आकडा लिहिणारं क्वचित.

या रविवारी ३९ किलोओहम लाव आणि पप्पांना शेजारी बसव. डेटाशीटमधली १.५ व्होल्टची ओळ त्यांना आधी दाखव, मग गरम पाण्याचा पेला जवळ आण. मीटर काय दाखवतो ते मला कळव, शाखेचं त्यानंतर बोलू.