फोटोवरून रंगवलेलं कोकण निर्जीव का होतं?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीत राहून, रोज समुद्र बघूनही तुमची जलरंगातली निसर्गचित्रं कोरडी का होतात. मोबाईलवर फोटो काढून घरी रंगवता, असंही लिहिलंय. निसर्गाशी भावनिक नातं कसं जुळवायचं आणि निसर्गचित्रकाराचं आयुष्य कसं असतं, हे तुमचे दोन प्रश्न.

भावनेचं नंतर बघू. आधी फोटो बंद करा. या विषयावर माझा लोकांशी जुना वाद आहे, त्यामुळे लांबण लागेल.

मोबाईल सगळंच नीट दिसावं म्हणून सावल्या उजळवतो आणि आभाळ दाबतो. भाट्याच्या खाडीवर दुपारी चारला आभाळ सगळ्यात उजळ आणि नारळांची रांग त्याच्यापुढे चांगलीच गडद असते. फोटोत हा फरक बराच कमी होतो. शिवाय रुंद लेन्समुळे पलीकडची टेकडी बोटभर उरते. तुमची चित्रं कोरडी होतात ती इथे, मन कोरडं आहे म्हणून नव्हे.

दुसरा घोळ हिरव्याचा. "कोकण म्हणजे हिरवंगार, सॅप ग्रीन घ्या आणि लावा" असं शिकवणाऱ्यांनी कोकण नीट पाहिलेलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. नारळाची झावळ चकचकीत असते. भर दुपारी ती आभाळ परावर्तित करते आणि निळसर करडी दिसते. तिथे कोबाल्ट ब्लूमध्ये जेमतेम बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि भरपूर पाणी. तीच झावळ संध्याकाळी सूर्याच्या आड आली की उजेड पात्यातून आरपार येतो. मग लेमन यलोत निळ्याचा नुसता स्पर्श पुरतो. आंब्याचा जुना पाला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि गॅम्बोज (गडद पिवळा) यांतून येतो, नवी पालवी मात्र तांबूस असते, तिला लाइट रेड लागतो. भाताच्या तरव्यात, म्हणजे लावणीआधीच्या रोपांत, लाल अजिबात जाऊ देऊ नका, लाल मिसळला की पोपटीपणा मरतो. आणि जांभा, आपला तांबडा दगड! मे महिन्यात तो लाइट रेड आणि यलो ओकर असतो, श्रावणात शेवाळ धरून जवळजवळ काळा होतो. बारा महिने गेरूचा रंग लावणाऱ्यांनी पावसात एकदा गडग्यासमोर, म्हणजे दगडी कुंपणासमोर, उभं राहावं.

आता उजेड. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, म्हणजे समुद्राकडे पाहताना तुमच्या पाठीशी असतो. सावल्या वस्तूंमागे लपतात आणि सगळं सपाट दिसतं. चारनंतर सूर्य समोर येतो, होड्या आणि माड गडद आकार होतात, पाणी झळाळतं. शिकणाऱ्याने संध्याकाळ घ्यावी, आकार आपोआप सोपे होतात.

भरतीचा हिशेब कोळ्यांकडून शिका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. चिखलात कललेल्या होड्या मावळतीच्या उजेडात हव्या असतील तर तेव्हा जा. संध्याकाळी काठोकाठ भरलेली खाडी हवी असेल तर अष्टमी धरा. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल अर्धवट राहिलेलं चित्र आज त्याच वेळी जाऊन पुरं करता येत नाही. उजेड जुळतो, पाणी जुळत नाही.

कागद ११ × १५ इंच, ३०० जीएसएम (म्हणजे जाड), कॉटनचा, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत). याहून मोठा नको, कारण दीड तासात सावल्या हलतात. आधी तीन टोनचं (उजळ, मधला, गडद) छोटं पेन्सिल स्केच. मग बोर्ड थोडा तिरका ठेवून आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर), त्यातच पाण्याचा उजेड धरून ठेवा. नंतर लांबची टेकडी, मग झाडं, शेवटी होड्यांचे गडद भाग. कागदावर सावली हवीच. उन्हात झगझगणाऱ्या कागदावर हात गडद पडतो आणि घरी आल्यावर चित्र मळकट दिसतं. छत्री काळी किंवा पांढरी घ्या, रंगीत छत्रीची झाक कागदावर पडते.

पावसाळ्यात वॉश वाळत नाही. अर्धओल्या रंगात जास्त पाण्याचा ब्रश लागला की ते पाणी रंगद्रव्य कडेला ढकलतं आणि डाग फुलतो. हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर थांबा किंवा दुसरा बोर्ड घ्या. कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. दमटपणाने कागदाचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारी खळ) गेलं की तो टीपकागदासारखा रंग पितो आणि वॉशमध्ये ठिपके उमटतात. असा कागद पेन्सिलीला वापरा. ब्रश समुद्राच्या पाण्यात कधीही बुडवू नका. मीठ हवेतली ओल ओढत राहतं.

राहिलं भावनिक नातं. घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा धरा आणि वर्षभर तीच रंगवा, ज्येष्ठात, श्रावणात, कार्तिकात, फाल्गुनात. कुठल्या तिथीला पाणी कुठवर चढतं, कुठलं झाड कधी तांबूस होतं, हे हाताला कळायला लागतं. कापलेली फांदी मग तुम्हाला लागते, कारण ती तुमच्या चित्रात होती. मला तरी माया लागण्याचा दुसरा रस्ता माहीत नाही. "आधी भाव आणा, तंत्र नंतर" म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच भांडतो.

आयुष्याबद्दल थोडक्यात: नुसत्या निसर्गचित्रांवर पोट भरणारे थोडेच, बहुतेक जण शिकवतात किंवा दुसरं काम करतात. जलरंगातले मोठे चित्रकार सा. ल. हळदणकर सावंतवाडीत जन्मले, पण त्यांनीही १९०८ मध्ये मुंबईत कलावर्ग काढला. नोकरी असेल तर सोडू नका.

फोटो अगदीच वर्ज्य नाही, होडीच्या दोऱ्या किंवा नांगराचा आकार नंतर तपासायला चालतो. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे, खडकावर बसणार असाल तर भरतीचं छापील वेळापत्रक बघा. आणि जेटीवर मासळी उतरत असताना वाटेत इझल (चित्राची घोडी) मांडू नका, आधी विचारा.