सेकंडहँड गाडी घेतलीस? डॅशबोर्डखाली बघ

वाशीहून गाडी आणलीस ना, मग आधी स्टिअरिंगखालचं ओबीडी सॉकेट बघ, म्हणजे मेकॅनिक बिघाड तपासायला यंत्र जोडतो ते. तिथे काडेपेटीएवढी डबी खोचलेली असेल तर बहुधा जीपीएस ट्रॅकर. माझ्या गाडीत ती फ्यूजबॉक्समागे वायरीला जोडलेली निघाली, आत सिमकार्ड! डीलरने चकार शब्द काढला नव्हता. घोडबंदरला चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची, म्हणून इलेक्ट्रिशियनने शोधली. घरची माणसं कुठे जातात हे परक्याला दिसत होतं, याचा फार संताप आला.

पण लगेच उपटू नकोस. कर्ज असेल तर करारात ट्रॅकरची अट आहे का वाच. नसेल तर डीलरकडे लेखी खुलासा माग, फोटो काढ, मगच काढून घे. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीचं वेगळं, तिथे तो कायद्यानेच लागतो.