शिऱ्यातले बेदाणे आणि आंब्याची कोय : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्या गिरगावच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला आलेल्या एका लहान मुलाने आमच्या सात किलो वजनाच्या पॉमेरेनियन कुत्र्याला वाटीभर प्रसादाचा शिरा खाऊ घातला. शिऱ्यात बेदाणे होते. रात्री त्याला दोनदा उलटी झाली, पण सकाळी तो खेळू लागला, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो नाही. आज दहा दिवस झाले, तो ठीक आहे. इतक्याशा बेदाण्यांनी खरोखर काही होते का?
– एक वाचिका, गिरगाव

उत्तर : होते, आणि म्हणूनच आपले पत्र मी सर्वांत आधी घेतले आहे. तो बरा आहे हे वाचून समाधान वाटले. तरीही एकदा त्याच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) तपासून घ्यावे.

द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. यातील सर्वांत अवघड गोष्ट अशी की, अमुक इतके बेदाणे चालतील असे प्रमाण कोणालाही सांगता येत नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन सुखरूप राहतो, तर दुसऱ्याला त्याहून कितीतरी कमी खाऊन इस्पितळात दाखल करावे लागते. या विसंगतीचा बहुधा खरा धागा २०२१मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यांच्या हाती लागला. बेकिंगसाठी वापरले जाणारे क्रीम ऑफ टार्टर (टार्टारिक आम्लाचा क्षार) खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये नेमकी द्राक्षांसारखीच लक्षणे दिसली, आणि त्यावरून द्राक्षांतील टार्टारिक आम्लाकडे लक्ष गेले. द्राक्षाच्या जातीनुसार आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार या आम्लाचे प्रमाण बदलते, त्यामुळे परिणामही बदलत असावा. बेदाणा म्हणजे पाणी उडून गेलेले द्राक्ष, तेव्हा वजनाच्या मानाने तो अधिक घातक ठरतो.

हेच आम्ल चिंचेत भरपूर असते, आणि आपल्या घरांच्या दृष्टीने मला ही माहिती बेदाण्यांइतकीच मोलाची वाटते. चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याची नोंद आहे. चिंच-गुळाची आमटी, सांबार किंवा भेळेची आंबट-गोड चटणी पोळीला लावून देण्याची सवय कोणाच्या घरी असेल, तर ती आजच थांबवावी.

आपली चूक झाली ती सकाळी तो खेळू लागला म्हणून निर्धास्त होण्यात. उलटी बहुधा पहिल्या २४ तासांत होते आणि मग कुत्रा सावरल्यासारखा दिसतो. मूत्रपिंडाचा बिघाड मात्र २४ ते ७२ तासांच्या दरम्यान उघड होतो, तेव्हा तो मलूल पडतो, खाणे सोडतो आणि त्याची लघवी कमी होते किंवा थांबते. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत पशुवैद्यांनी औषध देऊन उलटी करवली, तर पोटातील बराचसा ऐवज बाहेर पडतो. त्यानंतर सलाइन लावून दोन-तीन दिवस रक्ततपासणी करावी लागते. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे, पण बोरिवली किंवा मुलुंडहून संध्याकाळच्या रहदारीत तेथे पोहोचेपर्यंत हे दोन तास सरून जाऊ शकतात. म्हणून जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा, आणि फोनवर कुत्र्याचे वजन, काय खाल्ले, अंदाजे किती आणि किती वाजता, हे सांगावे. मिठाचे पाणी पाजून घरी उलटी करवण्याचा उपाय मात्र कृपया करू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात, आणि मूळ विषापेक्षा उपायच जिवावर बेततो.

प्रश्न : आमच्या लॅब्राडॉरला हापूस अतिशय आवडतो. गर दिला तर चालेल का? कोय चाटायला दिली तर तो तासभर शांत बसतो.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : पिकलेल्या आंब्याचा गर अवश्य द्यावा, पण साल काढून आणि मोजून. वरखाऊ, म्हणजे मुख्य जेवणाखेरीज दिलेला खाऊ, दिवसभराच्या कॅलरींच्या एक दशांशापलीकडे जाऊ नये, असा आमच्या व्यवसायातील सर्वमान्य दंडक आहे. तीस किलोच्या प्रौढ लॅब्राडॉरला दिवसाला अंदाजे १३०० कॅलरी लागतात, म्हणजे वरखाऊच्या वाट्याला १३० येतात. १०० ग्रॅम गरात सुमारे ६० असतात. तथापि लॅब्राडॉर चटकन लठ्ठ होतो आणि बिस्किटे, पोळीचे तुकडे हेही त्याच हिशेबात धरायचे असतात, म्हणून मी चार-पाच लहान फोडींवर थांबेन. कुत्र्याला मधुमेह असल्यास आंबा आणि चिकू दोन्ही वर्ज्य समजावेत.

कोय मात्र देऊ नये. ती निसरडी असते, चाटता चाटता एकाएकी घशाखाली उतरते, आणि आतड्यात अडकली तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून मार्ग राहत नाही. साध्या एक्स-रेत ती स्पष्ट दिसेलच असे नाही, त्यामुळे निदानालाही उशीर होतो. कोय काही दिवस पोटात राहून मग पुढे सरकते, आणि तोवर कोयीची आठवणही कोणाला राहिलेली नसते; म्हणून आंब्याच्या दिवसांत कुत्रा वारंवार उलट्या करू लागला तर ही शंका स्वतःहून डॉक्टरांना बोलून दाखवावी. कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि दाराआड असावा. चिकूच्या बीला टोकाशी बाक असल्याने ती घशात अडकू शकते, सीताफळाची बी चावली गेल्यास विषारी असते, सफरचंदाच्या बियांतून सायनाइड तयार होते. तेव्हा ही फळे बिया काढूनच द्यावीत. केळे, पिकलेली पपई आणि बिया व साल काढलेले कलिंगड यांविषयी मला हरकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कुत्र्याला वेगळे काही करत नाही. आम्ही खातो तीच आमटी आणि भाजी पोळीत कुस्करून देतो. कांदा शिजलेला असतो, मग बाधू नये ना?
– एक वाचिका, भांडुप

उत्तर : शिजवल्याने कांद्याचा दोष जात नाही. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात बदल दिसू लागतात, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदाही पुरतो. लसूण त्याहून तीव्र असतो. वाळवून केलेल्या कांदा-लसूण मसाल्यात तर हे सारे एकवटलेले असते, आणि रोज थोडे थोडे दिल्यानेही हानी साचत जाते. लक्षणे काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या पडणे, धाप लागणे, लघवी गडद तपकिरी होणे. आपण फोडणी घालण्याआधीच त्याच्या वाट्याचे वरण वेगळे काढावे. अर्थात नुसते वरण-भात-पोळी हाही संपूर्ण आहार नव्हे. त्यात अंडे किंवा मांस आणि खनिजे किती असावीत, हे त्याचे वय व वजन पाहून पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : वडिलांना मधुमेह असल्याने घरी साखरविरहित च्युइंगम असते. ते कुत्र्याने खाल्ले तर?
– एक वाचक, दादर

उत्तर : वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) हा शब्द शोधावा. माणसाला निरुपद्रवी असलेल्या या पदार्थाने कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिन एकदम वाढते आणि अनेकदा तासाभरातच रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. मात्रा मोठी असेल तर यकृतही निकामी होते. साखर उतरायला दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढेही पुरेसे असते. स्टीव्हिया या वनस्पतीपासून मिळणाऱ्या गोड पदार्थाचा असा धोका नाही. कुत्रा लडखडू लागला, पण शुद्धीवर असेल, तर हिरड्यांवर मध चोळावा, वेष्टन बरोबर घ्यावे आणि लगेच दवाखान्याकडे निघावे.