‘सिस्टीममध्ये मयत दाखवतंय’ म्हणजे नेमकं कोण म्हणतंय?

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. वडील गेल्यापासून गावी एकटीच राहते. तिचं श्रावणबाळ योजनेचं अनुदान आठ महिन्यांपासून बंद आहे. तहसील कार्यालयात आईला घेऊन गेले, तर ‘सिस्टीममध्ये मयत दाखवतंय, वरूनच आलंय, आमच्या हातात काही नाही’ असं उत्तर मिळालं. आई समोर उभी होती. आता ‘जिवंत असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि नव्याने अर्ज भरा’ असं सांगतात. भाऊ म्हणतो, त्या क्लार्कवर फौजदारी करू. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट. नवा अर्ज भरू नका. तो सोपा मार्ग वाटतो, आणि टेबलापलीकडचा माणूसही तो बहुधा मदत म्हणूनच सुचवतो. पण नवा अर्ज म्हणजे नवी मंजुरी आणि नवी तारीख. मधल्या आठ महिन्यांचं अनुदान त्यात बुडतं. शिवाय जुनं प्रकरण रीतसर बंद झालं होतं, हे तुम्हीच न बोलता मान्य केल्यासारखं होतं. तुमची मागणी जुनी मंजुरी पूर्ववत करण्याची आणि थकबाकीची आहे. प्रत्येक कागदावर हेच शब्द असू द्या.

आता मूळ मुद्दा. आई जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आपली, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललं आहे. कायदा उलट आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११० नुसार एखादी व्यक्ती मागच्या ३० वर्षांत जिवंत होती हे दिसत असेल, तर ती मेली आहे हे सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर असतो. जुन्या पुराव्याच्या कायद्यातही हेच होतं. हे कलम कोर्टातल्या वादासाठी आहे हे खरं, पण त्यामागचा न्याय सरकारी टेबलालाही लागू पडतो. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ज्या बाईच्या खात्यात याच कार्यालयाच्या मंजुरीने पैसे जमा होत होते, ती गेली असं म्हणायचं तर कागद कार्यालयाने दाखवायचा. हयातीचा दाखला अर्जाला जरूर जोडा, पण ‘मी जिवंत आहे, कृपया विश्वास ठेवा’ अशी विनवणी करू नका.

‘सिस्टीम’ ही कायद्याच्या नजरेत कुणी व्यक्ती नाही. निर्णय अधिकाऱ्याचा असतो, संगणक फक्त तो दाखवतो. आणि निर्णय घेण्याआधी ज्याचं नुकसान होणार त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. ओडिशातल्या डॉ. बिनापाणी देई या सरकारी डॉक्टरांची जन्मतारीख सरकारने स्वतःच बदलली आणि त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेश प्रशासकीय असला, तरी त्याने माणसाच्या हक्कावर परिणाम होत असेल तर नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळलीच पाहिजेत. तिथे जन्मतारीख होती, इथे मृत्यू आहे. तुमच्या आईला नोटीस आली होती का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. आली नसेल तर पहिली बेकायदा गोष्ट तीच.

अशी चूक होते कशी, हे मी एकदा जवळून पाहिलं आहे. एका तहसील कार्यालयातल्या लिपिकाने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. एकाच गावच्या दोन बायका, नाव तेच, आडनाव तेच, नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षरही तेच. वयात सहा वर्षांचा फरक. मयतांची यादी नुसत्या नावावरून जुळवली होती आणि खूण चुकीच्या ओळीवर पडली होती. तो पोरगा खरोखर ओशाळला. पण खूण काढायचा अधिकार त्याच्या लॉगिनला नव्हता, आणि ज्याच्या लॉगिनला होता त्याची बदली झाली होती. खूण एका क्षणात पडली, काढायला पाच महिने लागले.

म्हणून भावाला सांगा, फौजदारीचा नाद सोडावा. चुकीच्या ओळीवर बोट पडणं हा गुन्हा नाही. गुन्ह्याला हेतू लागतो, तो इथे दिसत नाही, आणि त्या क्लार्कला घाबरवलं तर तुमची फाईल हातात धरायला कुणी तयार होणार नाही. चूक माणसाकडून होणारच. माझा राग आहे तो चूक समोर उभी असताना स्क्रीनवर विश्वास ठेवण्यावर. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीतल्या चुकीच्या हिशेबांवर विसंबून शेकडो पोस्टचालकांना चोर ठरवलं गेलं. त्यांच्या शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. ती माणसं वर्षानुवर्षं सांगत होती की हिशेब चुकतोय.

आता कामाला लागा. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज लिहा : अनुदान कोणत्या महिन्यापासून बंद आहे, मयत नोंद चुकीची आहे, अर्जदार स्वतः हजर आहे, मंजुरी पूर्ववत करून थकबाकी द्यावी. दोन प्रती काढा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. पुढे उच्च न्यायालयात जावं लागलं, तर ‘तुम्ही मागणी केली होती का, ती नाकारली का’ हाच पहिला प्रश्न येतो.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, आई दारिद्र्यरेषेखालील असेल तर तोही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. ‘का केलं’ असं विचारू नका, या कायद्यात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. मयत नोंद कोणत्या तारखेला झाली, ज्या कागदाच्या आधारे झाली त्याची प्रत, नोंद घेणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम, आणि नोटीस दिली असल्यास तिची प्रत, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. माझा अनुभव असा की ‘कोणत्या कागदाच्या आधारे’ या प्रश्नावरच बरीच प्रकरणं सुटतात, कारण कागद शोधायला गेल्यावर तो नाहीच हे त्यांनाही कळतं.

ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यू नोंदवहीत आईच्या नावाची नोंद आहे का ते तपासा. नसेल तर तसा अनुपलब्धता दाखला घ्या, तो फार कामाला येतो. दुर्दैवाने खरंच नोंद निघाली, तर ती दुरुस्त किंवा रद्द करण्याचा अधिकार जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला आहे, आधी तिथे अर्ज करा. आधार आणि बँक खातं चालू आहे ना, हेही पाहून घ्या.

हयातीच्या तपासणीत अंगठा उठत नाही, असं कारण मध्येच पुढे आलं तर दबू नका. म्हाताऱ्या आणि कष्टकरी माणसांचे ठसे झिजतात. तेवढ्यावरून लाभ नाकारता येत नाही, ओळख दुसऱ्या मार्गाने पटवून घ्यावी लागते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात घेतली आहे.

थकबाकीबद्दल खोटी आशा दाखवत नाही. अनुदान पुन्हा सुरू होणं त्या मानाने सोपं, मागचे पैसे मिळणं अवघड. ‘त्या वर्षाचा निधी परत गेला’ असं सांगतील. ते लेखी मागा. लेखी नकार हाती आला की घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा, किंवा १५१०० वर फोन करा.

शेवटची सूचना आईसाठी. दुरुस्ती करताना तिचा जबाब घेतील, कागदावर अंगठा मागतील. तो कागद तुम्ही आधी पूर्ण वाचा. ‘मागील रकमेबाबत माझी काही तक्रार नाही’ असं एक वाक्य त्यात हमखास असतं. ते खोडल्याशिवाय अंगठा देऊ नका.