लाइव्ह जाण्याआधी

भाऊ, गर्दी दिसली की लगेच लाइव्ह जाऊ नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. तेव्हा बरीचशी दृश्यं रहिवाशांच्याच मोबाईलमधली होती. पण अशा वेळी दुसऱ्या गावचे जुने पूरही हमखास फिरतात! म्हणून दुकानाची पाटी, मेट्रोचा पिलर नंबर फ्रेममध्ये घे, तारीख-वेळ तोंडाने बोल. मूळ क्लिप उडवू नको. व्हॉट्सॲपवर साधी पाठवली की क्वालिटी मार खाते, डॉक्युमेंट म्हणून टाक. मनपाचं म्हणणंही विचार, उत्तर नाही मिळालं तर तसं लिही. आणि लैंगिक अत्याचार झालेल्या लेकराची ओळख उघड केलीस, तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांना अशा अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याचं, कलम २३ लागतं. ‘मी कुठे पत्रकार आहे’ म्हणून सुटका नाही बाप्पा.